खंडेनवमीला धुतलेलं विमान

आजच्या या सेवापूर्ती सोहळ्याच्या अध्यक्षा, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माननीय वैजयंतीताई. व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे सचिव साहेब. आजचे सत्कारमूर्ती, शाळेचे प्रयोगशाळा परिचर आणि हवाई दलाचे माजी सैनिक श्री. चंपतराव बाजड, त्यांच्या शेजारी पदर सावरून बसलेल्या तुळसावहिनी, पुण्याहून मुद्दाम आलेली त्यांची कन्या तनुजा, शाळेचे सर्व शिक्षक आणि शिक्षिका, केनवड आणि आजूबाजूच्या गावांतून आलेले पालक, ग्रामस्थ, आणि मागे सतरंजीवर बसलेले विद्यार्थी. आपणा सर्वांना शाळेचा मुख्य लिपिक जगदेव अवचार याचा, म्हणजे माझाच, सविनय नमस्कार.

आरंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी गोंधळलेला आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव सगळ्यात शेवटी, आभारप्रदर्शनापुढे छापलं आहे. पण पवन सर आत्ता माइकवर म्हणाले की बाबू आपलं मनोगत व्यक्त करतील. आता आभार आणि मनोगत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की नाहीत? आभाराचा कागद माझ्या खिशात तयार आहे. त्यात मंडपवाले आहेत, माइकवाले आहेत, आलूबोंडे तळणारी मंडळी आहेत. मनोगताचा कागद मी चार महिन्यांत सात वेळा लिहिला आणि सात वेळा फाडला. त्यामुळे आज जे निघेल ते कागदावाचून निघेल, हे अध्यक्षांनी समजून घ्यावं.

आलूबोंड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दरवेळी ते भाषणांनंतर देतात. यंदा वैजयंतीताईंनी आधी वाटायला लावले, कारण भाषणं थंड झाली तरी कोणी तक्रार करत नाही. ताईंचा निर्णय योग्यच आहे. फक्त हात पुसायचे कागद आणायचे राहिले, ही चूक कार्यालयाची, म्हणजे माझी.

आणि मागे लावलेल्या फ्लेक्सबद्दलही खुलासा करणं माझं कर्तव्य आहे. चंपतरावांच्या फोटोमागे जे विमान दिसतं ते प्रवाशांचं आहे, त्याला खिडक्या आहेत. मी दुकानदाराला 'विमान टाका' एवढंच सांगितलं होतं. विमानात विमान वेगळं असतं, हे मला मागच्या चार महिन्यांत फार महागात पडून कळलेलं आहे, तरी फ्लेक्सच्या वेळी मी तेच केलं. माणूस शिकतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

असो. सत्कारमूर्तींचा परिचय करून द्यायची गरज आहे का? मागच्या सतरंजीवरच्या प्रत्येक मुलाला चंपतकाका माहीत आहेत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते हवाई दलात भरती झाले. वीस वर्षं तिथे, आणि मग वीस वर्षं आपल्या प्रयोगशाळेत. हवाई दलात ते वैमानिक नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अर्ध्या गावाला ते वैमानिक वाटतात आणि त्यांनी ते खोडून खोडून दमून शेवटी सोडून दिलं. ते जमिनीवरचे. लढाऊ विमानाचा सांगाडा, पत्रा, चाकं, झाकणं, हे सगळं तपासायचं, ठाकठीक करायचं आणि उडणाऱ्याच्या हवाली करायचं, हे त्यांचं काम. मिग नावाची विमानं. टोकदार नाक, आखूड पंख. त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे म्हणून सांगतो, मी काही पाहिलेलं नाही.

आमचा दोघांचा डबा वीस वर्षं एकत्र. प्रयोगशाळेतल्या मागच्या टेबलावर, एका बाजूला हाडांचा सांगाडा उभा आणि एका बाजूला आम्ही बसलेले. ते मला बाबू म्हणतात, मी त्यांना चंपतभाऊ. त्यांच्या डब्यात तुळसावहिनींचं मिरचीचं भरीत, माझ्या डब्यात कायम पातोडीची भाजी, कारण आमच्या घरी मला ती आवडते असा एकदा समज झाला आणि तो मी वेळेवर दूर केला नाही.

तीन वर्षांपूर्वी तनुजाने वडिलांच्या वाढदिवसाला पुण्याहून एक खोकं पाठवलं. मी विचारलं, "भाऊ, का आलं?" ते म्हणाले, "पोरीनं इमानाचं स्केल मॉडेल धाडलं." आता शाळेच्या लिपिकाला स्केल म्हटल्यावर काय आठवेल? फूटपट्टी. मी ती खोक्यातल्या चित्राशेजारी लावली, तर पुरं झाल्यावर विमान बरोबर एक फूट होणार असं दिसलं. मी निश्चिंत झालो. एक फुटाचं म्हणून स्केल. पुढे निकिता मॅडमनी, त्या आपल्या विज्ञानाच्या शिक्षिका, मला समजावलं की स्केल म्हणजे प्रमाण, खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. पण मग ते नेमकं फूटभरच कसं भरलं? मॅडम म्हणाल्या, योगायोग. मला अजून शंका आहे.

खोक्यात विमान नव्हतंच. होत्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि चौकटींना चिकटलेले शेकडो बारीक तुकडे. मी म्हटलं, भाऊ, फसवलं पोरीला, फुटकं धाडलं. ते हसले. म्हणाले, "बाबू, फुटकं नाही. जोडाचं आहे." मी विचारलं, जोडून मिळत नाही का? म्हणाले, मिळते. मग हे कायले घेतलं? त्यावर त्यांनी चिमट्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला.

तीन वर्षं, दुपारची सुट्टी आणि शाळा सुटल्यावरचा तासभर. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे त्यांनी कागदाचे कापून लावले. कोणाला दिसणार ते? झाकण लावलं की काच. पण लावले. आकडे कागदावरून पाण्यात भिजवून सरकवत विमानावर उतरवायचे असतात, तेही मी पाहिलं. हे पाण्याचं लक्षात ठेवा, पुढे माझ्या बचावात येणार आहे.

मागच्या पावसाळ्यात विमान पूर्ण झालं. चांदीसारखं लख्ख. मी स्वतः हार आणला, पेढे आणले. मला वाटलं, झालं. आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी पाहतो तर चंपतभाऊ मेणबत्तीवर काचपट्टी धरून काजळी जमवून राहिले. ती काजळी त्यांनी केसाएवढ्या कुंचल्याने विमानाच्या शेपटीला लावली. मग वीट फोडून, फडक्यातून गाळून तिची धूळ चाकांना लावली. पोटाखाली तेलाचे ओघळ काढले. शिडी लागते त्या जागेवरचा रंग पेन्सिलीच्या शिशाने झिजवला.

सभाजनहो, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? माझ्या दफ्तरखान्यात एका फाइलीवर धूळ सापडणार नाही, हे सचिव साहेबांना ठाऊक आहे. स्वच्छ शाळेच्या पाहणीत मी स्वतः माठामागचं शेवाळ खरवडलेलं आहे. आणि इथे माझा मित्र, तीन वर्षं खपून केलेली वस्तू, रोज अर्धा तास घाण करत होता. मी विचारलंही, "भाऊ, हे काहून करून राह्यले?" ते म्हणाले, "असंच राहे ते." मी मनात म्हटलं, रिटायरमेंट जवळ आली, माणसाचं मन थोडं हलतं.

आता खंडेनवमीकडे येतो. मुलांना सांगतो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊन पुसून पूजतो. आपल्या शाळेत प्रयोगशाळेची पूजा त्या दिवशी होते. तराजू, सूक्ष्मदर्शक, शिवणयंत्र, शाळेची घंटा, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. यंदा त्याच्या चारपाच दिवस आधी टीव्हीवर मिग विमानांचा निरोप दाखवला. तुम्हीही पाहिला असेल. साठ वर्षं सेवा करून ती विमानं निवृत्त झाली. ती उतरली, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या राहून त्यांच्यावर पाण्याचे मोठाले फवारे उडवत होत्या.

मी घरी म्हटलं, पाहा, सरकारसुद्धा खंडेनवमीच्या आधी धुऊन राहिलं.

ती सलामी होती. हे मला नंतर कळलं. पाण्याची सलामी असते, हे या सभागृहात किती जणांना ठाऊक होतं? हात वर करा. निकिता मॅडम, तुमचा सोडून.

खंडेनवमीच्या सकाळी चंपतभाऊ झेंडू आणायला मळ्यात गेले होते. रामधन, आपले शिपाई, तराजू पुसत होते. विमान कपाटावर, काळंकुट्ट. पूजेच्या दिवशी, सैनिकाचं विमान, त्या अवस्थेत. मला ते पाहवेना. मी बादली घेतली. साधं पाणी नाही, कोमट पाणी, त्यात अंगाचा साबण, कपड्यांचा नाही, म्हणजे माझी काळजी तुम्हाला कळेल. दात घासायचा नवाकोरा मऊ ब्रश. मी एकेक ओघळ काढला. शेपटीची काजळी निघाली, चाकांची धूळ निघाली. पोटाखाली एक बारीक तपकिरी डाग होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, तो निघेना. तो मी नख लावून काढला.

मग मऊ फडक्याने पुसलं, हळदीचं बोट लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चाकापेक्षा मोठं होतं. विमान मागे कललं, नाक वर झालं, जणू उडायलाच निघालं. मला फार आवडलं ते.

चंपतभाऊ झेंडू घेऊन आले. पाटी खाली ठेवली. विमान उचललं, उलटं केलं, पोटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, बाबू, कमाल केली. ते म्हणाले, "बाबू, तुनं माहे हात धुऊन टाकले."

बस. त्या दिवसापासून आजपर्यंत, चार महिन्यांत, ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

मी त्या वाक्याचा फार विचार केला. हात धुऊन घेणं म्हणजे आपला फायदा करून घेणं. मी कसला फायदा केला? साबण माझा गेला. एखाद्या गोष्टीवरून हात धुऊन बसणं म्हणजे ती गमावणं. पण मग 'माझे हात तू धुतले' म्हणजे काय? मी पवन सरांना विचारलं, ते मराठी शिकवतात. त्यांनी शब्दकोश काढला, आम्ही दोघांनी दुपारभर हाताचे सगळे वाक्प्रचार वाचले. हात दाखवणं, हात देणं, हात आखडणं. हे वाक्य त्यात कुठे बसेना. आमच्या घरी विचारलं, तर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "धुतलं ते धुतलं, पण त्याइले विचारून काहून नाही धुतलं?" एवढा सोपा प्रश्न मला कसा सुचला नाही, हा आणखी एक गोंधळ.

मी माझी बाजूही मांडून पाहिली. म्हटलं, भाऊ, आकडे पाण्यात भिजवूनच लावले होते ना? मग मी पाणी लावलं तर काय बिघडलं? ते परीक्षानळ्या धूत राहिले. नंतर निकिता मॅडमकडून समजलं की सगळ्यावरून एक शेवटचा पारदर्शक थर द्यायचा असतो, मग काही निघत नाही. तो थर ते दसऱ्याच्या मुहूर्तावर देणार होते. मी एक दिवस आधी गेलो.

आता आम्ही दोघं एका शाळेत. न बोलता काम कसं चालायचं? चालतं, कार्यालयात सगळं चालतं. पूर्वी रजा हवी असली की ते दारातून डोकवायचे, "बाबू, उद्या नाही मी." आता अर्ज येऊ लागला. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये.' मला. महोदय. डबा ते प्रयोगशाळेत खात, मी टंकलेखन यंत्रापाशी.

शेवटी मीही लेखी उतरलो. एक माफीपत्र तयार केलं. विषय: विमान धुतल्याबाबत. संदर्भ: खंडेनवमी. 'आपल्या भावना अनवधानाने दुखावल्या गेल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.' जावक क्रमांक घातला आणि रामधनच्या हाती पाठवलं. चंपतरावांनी त्याची रीतसर पोच दिली. सही, तारीख, वेळ. पोच दिली, माफी दिली नाही.

हसा. मीही हसलो असतो, दुसऱ्याचं असतं तर. पण खरं सांगतो, मला त्या दिवसांत फार वाईट वाटे. वीस वर्षं समोर बसून जेवलेला माणूस निवृत्त होऊन परवा मुलीकडे पुण्याला जाणार, आणि जाताना माझ्याकडे पाहणारही नाही. आणि मला कारणसुद्धा नीट कळलेलं नाही. कारण कळलं असतं तर निदान पश्चात्ताप तरी नेमका करता आला असता.

डिसेंबरमध्ये पेन्शनच्या कागदांसाठी पतिपत्नीचा एकत्र फोटो लागत होता. तो आणायला मी त्यांच्या घरी गेलो. ते शेतात गेले होते, तशीच वेळ मी निवडली होती. तुळसावहिनींनी चहा ठेवला. मी धीर करून विचारलं, "वहिनी, मी भाऊचे हात धुतले म्हणजे का केलं?"

वहिनी, तुमची परवानगी न घेता सांगतो आहे, क्षमा असावी. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते पोटाखालचा डाग होता ना, तो डाग नव्हता. ते त्याइचे हात होते."

मला तरी समजेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. विमान निघायच्या आधी सगळी तपासणी झाली की शेवटी चंपतभाऊ त्याच्या पोटावर एका ठरावीक झाकणापाशी थाप द्यायचे. कामाला निघालेल्या बैलाच्या पाठीवर आपण देतो तशी. त्यांचे वडील बैलांना द्यायचे, तीच सवय यांच्या हाताला लागलेली. हात तेलाचे. चार बोटं आणि अंगठा तिथे उमटायचे. विमान वर जायचं, खाली यायचं, ते पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थाप.

"वीस वरीस इमानापाशी उभे राह्यले," वहिनी म्हणाल्या, "त्याइले कोणी एकदाबी वर नेलं नाही. ते म्हणत, मी खाली आन् माहे हात वर. दिल्लीवरून जाते, हिमालयावरून जाते, माहे हात जाते." मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "ते हात कुंचल्यानं काढाले तेवढे आठ दिवस लागले होते त्याइले. बाकीचं पुन्हा काढतो म्हणे, हात काही जमत नाही. डोळे राह्यले नाही आता."

सभाजनहो, अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचा माणसाचा हात केवढा होतो? मी कार्यालयात येऊन हिशेब केला. ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यात चार बोटं आणि एक अंगठा. आणि मी तो नख लावून काढला होता, कारण ब्रशने निघत नव्हता.

निकिता मॅडमनी विज्ञान प्रदर्शनासाठी त्या विमानाचे फोटो मी धुण्याआधीच घेतले होते. मी त्यांना मोबाइलवर मोठा करून दाखवायला सांगितला. दिसली बोटं. खरंच दिसली. मी मोबाइल परत दिला आणि दफ्तरखान्यात जाऊन बसलो. मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आता खरं म्हणजे माझं मनोगत इथे संपायला पाहिजे, कारण मला जे कळायचं ते कळलं. पण कळल्यावर गोंधळ कमी होतो असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नसतं. आता करायचं काय? डाग परत कसा आणायचा? मी आयुष्यभर डाग काढले, लावलेला एक नाही.

मी निकिता मॅडमच्या मोबाइलवरून तसंच खोकं मागवलं. रविवारी दुपारी, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी बसून जोडू लागलो. चंपतभाऊंना जे तीन वर्षं लागलं ते मी पाच रविवारांत आटोपलं, यावरून दर्जाची कल्पना यावी. माहितीपत्रकात नुसती चित्रं आणि बाण. काच बसवायला मी फेविक्विक वापरलं. त्याची वाफ लागून काच आतून पांढरी झाली, आता वैमानिक आहे की नाही हे कोणी सांगू शकणार नाही. आहे, मी बसवला आहे. विमान पूर्ण झाल्यावर अकरा तुकडे उरले. कंपनीने जास्तीचे दिले की माझे बसवायचे राहिले, हे मला ठरवता आलं नाही. ते या पाकिटात घालून, वर 'शिल्लक' लिहून आणले आहेत.

रंग मात्र चांगला बसला. चांदीचा. स्वच्छ. आणि तिथेच मी अडलो. काजळी घेतली, कुंचला घेतला, आणि हात पुढे जाईना. शेपटीला किती काळं? ओघळ कोणत्या झाकणाखालून? थाप नेमकी कुठे? मला कसं ठाऊक असणार? मी तिथे उभाच नव्हतो. ज्याने ते विमान वीस वर्षं पाठवलं आणि वीस वर्षं परत घेतलं, त्यालाच त्याची घाण माहीत. मी काढली तर ती नुसतीच घाण होईल. एवढं एक मला चार महिन्यांत स्वच्छ कळलं.

रामधन, टेबलाखालचं ते उत्तरपत्रिकांचं खोकं वर घ्या. सांभाळून. उलटं नको.

चंपतभाऊ, शाल, श्रीफळ आणि घड्याळ शाळेच्या वतीने तुम्हाला मिळालं. हे माझ्या वतीने. तुमच्या विमानाची बरोबरी याला नाही, हे मला माहीत आहे. काच आंधळी आहे, तुकडे उरले आहेत. पण हे मी पुसून आणलेलं नाही, हे मुळातच कोरं आहे. डाग लावायचं काम राखून ठेवलं आहे. डोळे साथ देत नसतील तर जेवढं जमेल तेवढं लावा, काहीच नाही जमलं तर तसंच ठेवा. मी चुकलो, भाऊ. जावक क्रमांक न घालता सांगतो, मी चुकलो.

या. हळू या, माइकची वायर आहे पायात.

...

मंडळी, एक मिनिट शांत राहा. सत्कारमूर्ती विमान पाहत आहेत. त्यांनी ते उलटं केलं आहे. मला काही सुचत नाही, पण माइक माझ्या हातात आहे म्हणून सांगतो आहे. ते चाकं पाहत आहेत. ते

...

मागे ऐकू गेलं का? माइकमध्ये आलं नसेल. ते म्हणाले, "बाबू, डावं चाक उजवीकडं लावलं तुनं."

टाळ्या नंतर वाजवा. मला आधी हे नीट घेऊ द्या. चार महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य आहे, आणि ते बरोबर आहे. मला ते चाक जोडतानाच थोडं बसत नव्हतं, मी दाबून बसवलं.

काय म्हणता, भाऊ? पुण्याला नेणार? काढून पुन्हा लावणार चाक? लावा. अकरा तुकडेही बघा, त्यातले काही लागत असतील.

आणि आता एक गोष्ट मला दिसते आहे, ती तुम्हाला बसल्या जागेवरून दिसणार नाही. चंपतभाऊंनी माझं बोलणं चालू असतानाच आलूबोंडा खाल्लेला आहे. कागद आपल्याकडे नव्हते, हे मी सुरुवातीला बोललोच. विमान उचललं ते पोटाखाली हात लावून, मग उलटं केलं. चांदीच्या रंगावर तेलाची चार बोटं आणि एक अंगठा उमटला आहे. प्रमाणात नाही. पार पंखापासून पंखापर्यंत आहे.

रामधन, फडकं घेऊन कुठे निघाले? खाली ठेवा ते. कोणीही पुसू नका.

पेन्शनचे सगळे कागद पूर्ण झालेले आहेत, हे अध्यक्षांच्या माहितीसाठी सांगतो. आता राहिले आभार. अध्यक्षांचे, सचिव साहेबांचे, तुळसावहिनींचे, ज्यांनी चहासोबत खरं सांगितलं. तनुजाचे, जिने विमान फुटकं नाही तर जोडायचं धाडलं. निकिता मॅडमच्या मोबाइलचे. मंडपवाले, माइकवाले यांचे. आणि आलूबोंडे तळणाऱ्यांचे, विशेष. माझ्या बोलण्यात कोणाचं नाव मागेपुढे झालं असेल, कोणाला काही लागलं असेल, तर तेवढा डाग आजच्यापुरता असू द्या, मोठ्या मनाने. चंपतभाऊ, उद्या रविवार आहे, डबा मी तुमच्या घरी घेऊन येतो. पातोडीच असेल.

माझे दोन शब्द संपवतो. नमस्कार.